पन्नीवरचा कोयता

माझी पहिली पन्नी सरांनी फरशीवर टाकली. हातातून निसटली असं नव्हे. दोन बोटांत नीट धरून टाकली आणि तिच्याशेजारी ताठ उभे राहून खाली बघू लागले. मी हबकलोच. चांगलं खपून केलेलं काम होतं ते. चारी कडांना वेलबुट्टी, वर 'सुस्वागतम्', मधे जुलाबाची कारणं, लक्षणं आणि उपचार तीन रंगांत, आणि खाली कोपऱ्यात पाण्याचा थेंब, त्या थेंबात हसणारं बाळ.

"वाच," ते म्हणाले.

मी वाकलो.

"वाकायचं न्हाई. उभ्या उभ्या वाच."

उभ्या उभ्या मला फक्त 'सुस्वागतम्' वाचता येत होतं.

"मंग? मागच्या बाकावरच्या बाईलाबी एवढंच दिसनार. तिचं पोरगं हगवनीनं बेजार हाय आन् आपन तिला सुस्वागतम् म्हनायलोय." एवढं बोलून त्यांनी खिशातून ओला रुमाल काढला आणि माझं बाळ पुसून टाकलं.

बीडच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्रात मी आर्टिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो. मूळचा तलवाड्याचा. त्याआधी पाट्या रंगवायचो. गावोगाव एसटीडीची बूथं निघत होती, प्रत्येक टपरीला थंड पेयाचं लाल बोर्ड हवं होतं, त्यामुळे हात चांगला बसला होता आणि हाताचा गर्वही होता. केंद्रात एक ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक प्लॅस्टिकवर स्केचपेनने लिहायचं, ते दिव्याच्या काचेवर ठेवायचं, की भिंतीवर मोठं दिसतं. त्या प्लॅस्टिकला सरकारी कागदांत 'पारदर्शिका' म्हणत. सर पन्नी म्हणायचे, म्हणून सगळं केंद्र पन्नी म्हणायचं.

सर म्हणजे आमचे प्रशिक्षण अधिकारी. चहाच्या रंगाचा सफारी, एका खिशात भाजके शेंगदाणे, दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ओला रुमाल. माझा त्या रुमालावर अजून राग आहे. माझी कितीतरी फुलं, पानं, मोर आणि सूर्योदय त्या रुमालाने खाल्ले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. एका पन्नीवर एकच गोष्ट. दुसरी सुचली तर दुसरी पन्नी घ्यायची. मी एकदा काटकसरीचा मुद्दा काढला तर म्हणाले, "पन्नी काय तुझ्या घरची हाय का? मानसाचं डोकं मातर त्याच्या घरचं हाय. त्यात किती कोंबतो बे?"

एक एक ओळ कागदाने झाकून हळूहळू उघडायची, अशी तेव्हा पद्धत होती. बाहेरून येणारे सगळे वक्ते तसं करत. सरांना ते खपत नसे. "घुंगट कावून घेतो? दाखवायचं तर दाखव, न्हाई तर बंद कर मशीन." आणि ते खरंच बंद करायचे. वक्ता बोलत असताना मागून चालत येऊन बटण दाबायचे आणि परत मागे जाऊन बसायचे. दिवा चालू असला की लोक दिव्याकडे बघतात, बंद झाला की माणसाकडे बघतात, असं त्यांचं गणित. मला ते गणित पटायला वेळ लागला, कारण दिवा बंद झाला की माझं काम दिसायचं बंद होत असे.

बसायचे कायम शेवटच्या बाकावर, खांबाआड. तिथून "दिसंना!" म्हणून ओरडायचे. एकदा पालकमंत्र्यांच्या कार्यक्रमातही ओरडले. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नको, असं ते शिकाऊ नर्सबायांना सांगायचे. "तोंड खोटं बोलतं. साहेबासमोर बसलं की तोंड आपोआप हूं हूं करतं. पायाकडं बघा. बाकाखाली पाय चपला धुंडाळायला लागले की तुमचं भाषन संपलं. त्याच्याफुडं तुमी बोलत असाल तर तो तुमचा खासगी मामला." मी मुद्दाम पाहिलं आणि थक्क झालो. जिल्हा कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याचं भाषण चालू होतं. वर सगळे माना डोलवत होते आणि खाली सगळ्या सभागृहाचे अंगठे चपला शोधत होते.

वीज गेली की सर खूश व्हायचे. वीज काय, रोजच जायची. प्रोजेक्टरचा पंखा थांबला, खोलीत अंधार झाला, की अंधारातून त्यांचा आवाज येई, "हां, आता बोला बाई. आता कळंल कुनाला येतंय." कित्येक बाया तिथेच रडवेल्या व्हायच्या. पण कोर्स संपताना त्याच बाया पन्नीकडे न बघता घडाघडा बोलायच्या, आणि गावातल्या एखाद्या आजीला समजावल्यासारखं बोलायच्या. हे मान्य केलंच पाहिजे.

गेवराईचा प्रसंग मात्र मी कुणाला सांगितला तर लोक म्हणतात, वाढवून सांगतोस. औरंगाबादहून एक मोठे डॉक्टर हिवतापावर बोलायला आले होते. मोठे म्हणजे खरंच मोठे, जिल्ह्याचे साहेब स्वतः त्यांना आणायला दारापर्यंत गेले होते. त्यांच्या पन्नीवर टाइप केलेला अख्खा मजकूर, आणि डॉक्टर भिंतीकडे तोंड करून तो वाचत होते. आमच्याकडे त्यांची पाठ. सर शेवटच्या बाकावरून उठले. मला वाटलं बटण दाबतील. ते थेट पुढे गेले, डॉक्टरांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना उचलून ठेवल्यासारखं आमच्याकडे वळवलं.

"साहेब," ते अगदी अदबीने म्हणाले, "भिंतीला मलेरिया होत न्हाई."

डॉक्टर लाल झाले, मग पांढरे झाले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पन्नी बाजूला केली आणि आपल्या हाताखाली दगावलेल्या एका पोराची हकिगत सांगायला लागले, अडखळत अडखळत. त्यानंतर एकही पाय चपलेकडे गेला नाही. तरी परतल्यावर त्यांनी लेखी तक्रार केली ती केलीच, आणि सरांना मेमो आला. मेमो वाचून सर म्हणाले, "अक्षर बारीक हाय," आणि शेंगदाणे खायला लागले.

घरीही तेच. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी काढावी असं ठरलं. मी गणपती काढून ठेवला, कलश काढला, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' घातलं. मग निमंत्रकांची, व्यवस्थापकांची, प्रेषकांची आणि समस्त भावकीची नावं. शेवटी चिमुकल्यांचा आग्रह. सरांनी पत्रिका बघितली आणि रुमाल काढायला खिशात हात घातला. कागद पुसता येत नाही म्हणून लाल पेन घेतलं. छापून आली तेव्हा पत्रिकेवर तीन ओळी होत्या: मुला-मुलीचं नाव, वेळ, ठिकाण. चुलत्यांची नावं नव्हती, मामांची नव्हती, सरांचं स्वतःचं सुद्धा नव्हतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पत्रिका हातात घेऊन ओट्यापाशी मटकन खालीच बसल्या.

"अवो, लोक म्हनतील पोरीला बाप न्हाई!"

"लग्नाला आले की दिसंल ना बाप. सहा फूट हाय."

लग्नाच्या दिवशी सरांचे थोरले मेव्हणे रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले, आत यायला तयार नाहीत. शेवटी सर त्यांच्यापुढे जमिनीवर जाऊन बसले आणि काहीतरी बोलले. मेव्हणे हसत हसत आत आले. काय बोलले ते मी पुष्कळदा विचारलं, सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

शिरूर कासारची एक नर्सबाई आमच्याकडे प्रशिक्षणाला यायची. बारीक, तोंडाने फटकळ. ती दर वर्षी एकच रडगाणं लावायची. "सर, माझ्या पोटुशी बाया दिवाळी झाली की ट्रकात बसून ऊस तोडायला जात्यात. तपासलेल्या, सुया दिलेल्या बाया. तिकडं फडात बाळंत होत्यात. कुनी परत येती, कुनी न्हाई. मला एक जीप द्या. मी त्यांच्या मागं जाते." बीडची नर्स, बीडची जीप, आणि जायचं दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यावर. कोण देणार? सगळे हसण्यावारी न्यायचे. सर नेत नसत.

त्या वर्षी त्या पोटुशी बायांमधे माझी धाकटी बहीणही होती. तिला शिरूरकडे दिलेली. चौथा महिना लागला होता आणि दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर जाणार होती. मी तिला तलवाड्याला राहा म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दादा, मी ऱ्हायले तर ह्यांचं काय?" माझा जीव टांगणीला लागला आणि चहा पिताना मी ते सरांजवळ बोललो.

तेवढ्यात मुंबईहून एक समिती येणार असं कळलं. परदेशी मदतीचा प्रकल्प होता. त्या काळात असे प्रकल्प बरेच येत होते. जिल्ह्याने आपली गरज मांडायची आणि समितीने पसंत पडेल ते द्यायचं. सगळ्या विभागांनी नकाशे, तक्ते आणि रंगीत गोल काढून घेतले. बरेचसे माझ्याकडूनच. सरांनी मला एकच पन्नी करायला सांगितली.

"लिही, कोयता."

"आणि चित्र?"

"चित्र काढशील तर हात तोडीन."

मी काळ्या शाईत, भलं मोठं, फक्त 'कोयता' लिहिलं. ना रेघ, ना वेल. मला लाज वाटत होती. आर्टिस्ट ठेवलाय कशाला, असं लोक म्हणतील.

समिती आली त्या दिवशी सगळ्यांची सादरीकरणं झाल्यावर सर पुढे गेले. पन्नी ठेवली. भिंतीवर कोयता उमटला.

"हे काय हाय?" त्यांनी समितीला विचारलं.

समितीतल्या एक बाई होत्या, केस कापलेल्या, चष्म्याला साखळी. त्या म्हणाल्या, "कोयता. ऊस तोडायचं हत्यार." बाकीच्यांनी माना हलवल्या. एका गृहस्थांनी हाताने तोडण्याची खूणही करून दाखवली.

सरांनी बटण दाबलं. भिंत कोरी झाली.

"आर्टिस्ट, हिकडं ये. सांग यांना कोयता काय असतो."

मला आधी काहीही सांगितलं नव्हतं. उभ्या आयुष्यात चार माणसांपुढे मी बोललो नव्हतो. मी जागेवरून हललो नाही, तर त्यांनी येऊन, गेवराईतल्या त्या डॉक्टरांसारखं, मला खांद्याला धरून वळवलं.

"माझी बहीण..." मी म्हणालो. "माझी बहीण कोयता आहे. म्हणजे ती एकटी नाही. ती अन् तिचा नवरा, दोघं मिळून एक कोयता. आमच्याकडे मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ह्या गावातून इतके कोयते, त्या गावातून तितके. नवरा तोडणार, बायको मोळी बांधणार. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता."

"पण प्रेग्नंट बाईने घरी राहावं ना," बाई म्हणाल्या. रागावून नव्हे, काळजीनेच.

"ती राहिली तर नवरा अर्धा कोयता होतो. अर्ध्या कोयत्याला ट्रकात घेत नाहीत. म्हणून ती जाते. चौथा महिना आहे. तिची तारीख फडातच येणार."

एवढंच बोललो. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. मग त्या गृहस्थांनी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. नर्सबाई मागे उभी राहून पदराने तोंड पुसत होती. जीप मिळाली असंच मी धरून चाललो.

बाहेर आल्यावर मी सरांना म्हणालो, "झालं ना सर?"

सर म्हणाले, "काय कळंना. समद्यांनी बूट घातलेते."

निकाल कळला तेव्हा आम्ही केंद्रातच होतो. जिल्हा कार्यालयातून फोन आला. सर ऐकत राहिले, हूं म्हणाले, फोन ठेवला. जीप नामंजूर. दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी गाडी नियमात बसत नाही. पण समिती आमच्या सादरीकरणाने फार प्रभावित झाली होती. म्हणून आमच्या केंद्राला संगणक आणि त्याला जोडायचा नवा प्रोजेक्टर मंजूर झाला होता.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी दोनदा विचारलं. मग असा संताप आला की मी शाईची बाटली भिंतीवर फेकली. माझी बहीण त्यांना सांगितली होती मी, आणि त्यांनी मशीन दिलं! सर भिंतीवरच्या ओघळाकडे बघत म्हणाले, "आपली चूक झाली रे. आपन लई चांगलं केलं. त्यांनी कोयता बघितलाच न्हाई, आपल्यालाच बघितलं."

दिवाळी झाली. बहीण ट्रकात बसून गेली. मी शिरूरला निरोप द्यायला गेलो होतो. भांडी, पत्रे, शेळ्या आणि माणसं एकाच ट्रकात. ती वरून हात हलवत होती.

मशीन आलं. पुण्याहून टाय घातलेला एक मुलगा ते बसवायला आला. त्याने दाखवलं की आता अक्षरं डावीकडून उडत येतात, गिरकी घेतात, एकेक करून पडतात. सगळं केंद्र तोंडाचा आ करून बघत होतं. मीही. माझी नोकरी संपली असं मला वाटलं.

"अक्षरं कावून उडायलीत?" सरांनी विचारलं.

"इफेक्ट आहे सर."

"त्यांला म्हनावं, बसा एका जागी."

पण त्यानंतर सर मशीनकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. खोक्याला हात लावायचे, वजन बघायचे. मग त्यांनी वर कळवलं: मशीन नाजूक आणि किमती आहे, एसटीच्या टपावर नेता येणार नाही, समितीला तर मशीनचा वापर हवा आहे, आणि ऊसतोड कामगारांचं आरोग्य-शिक्षण त्यांच्या मुक्कामावर जाऊनच करायला हवं. तरी मशीनच्या सुरक्षित वाहतुकीसाठी वाहन मिळावं.

मी म्हणालो, "सर, काहीतरीच काय. नर्सला दिली नाही ती गाडी मशीनला देतील?"

दिली. महिना उलटायच्या आत दिली, ड्रायव्हरसकट, जिल्ह्याबाहेर जायच्या परवानगीसकट. मी आदेश हातात घेऊन बसूनच राहिलो. आजही ते आठवलं की मला हसू येत नाही. फडावर, त्या उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमधे, कोप्यांमधे, विजेचा एक खांब नसतो. मशीन लावणार कशाला? सगळ्या जिल्ह्याला हे माहीत होतं आणि सही करणाऱ्या एकानेही विचारलं नाही.

पहिल्या फेरीला सरांनी मशीन खरंच नेलं. दुसऱ्या फेरीपासून ते कपाटात राहिलं आणि त्याच्या जागी नर्सबाई तिची पेटी घेऊन बसू लागली. तिने त्या हंगामात किती बाया तपासल्या, त्याचा हिशेब तिच्याकडेच. मी मशीन चालवणारा म्हणून बरोबर असायचो. सर दर फेरीला नसले तरी बहुतेक वेळा असायचे. कोपीपुढे उकिडवे बसून बायांशी बोलायचे, आणि बोलताना हातात काहीही नसायचं.

ड्रायव्हर मात्र कायद्याचा माणूस होता. आयुष्य साहेबांच्या गाड्यांवर गेलेलं. लॉगबुकात खोटं अक्षर लिहायचं नाही, हा त्याचा बाणा. नर्सबाईला तो 'मशीनसोबतचे कर्मचारी' म्हणून लिहायचा आणि तेवढ्यानेही त्याला अपराधी वाटायचं.

बहिणीच्या तळावर आम्ही पोचलो ती भर दुपार होती. ती कोपीत आडवी होती, पहाटेपासून कळा. नर्सबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. "पोर पायाळू हाय. दवाखाना. आत्ताच्या आत्ता." भाऊजी फडातून धावत आले, अंगभर पाचटाचे ओरखडे. मुकादमही आला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पावनं, न्या. पर परवापस्तोर माघारी आना, कोयता अडकून पडल." त्याच्या तोंडावर दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखरच एवढंच दिसत होतं.

बहिणीला उचलून जीपमधे ठेवलं. ड्रायव्हर चाकावर बसला, लॉगबुक उघडलं आणि हात थांबला.

"साहेब, ऑर्डर मशीनची हाय. पेशंट न्यायची न्हाई. उद्या काय झालं तर माझी नोकरी जाईल. काय लिहू?"

सर तोंड उघडून उभे राहिले. भिंतीला मलेरिया होत नाही म्हणणारा माणूस, भावकीपुढे न झुकलेला माणूस, आणि त्यांना एक शब्द सुचेना. त्या एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

मागून माझ्या बहिणीचा आवाज आला. तिने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली होती.

"मशीन लिव्हा की मला. पर हाना गाडी लवकर."

ड्रायव्हरने मान खाली घालून लिहिलं: मशीन, नग एक.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यातून परत आणायला गेलो. ती बाळाला छातीशी धरून जीपमधे बसली तेव्हा ड्रायव्हरने पुन्हा लॉगबुक उघडलं. यावेळी त्याने कुणाला काही विचारलं नाही. पेन झटकलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: मशीन, नग दोन.